आभाराचा ठराव

१४ एप्रिल १९०७, रविवार

आज आमच्या घरच्या काठी-चेंडूच्या खेळाचा, हर्लिंगचा, क्लब झाला. आम्ही राहतो त्या हनाफिन बाईंच्या खाणावळीत जेवणं आटोपल्यावर बटाट्यांची भांडी बाजूला सारून आम्ही एकोणीस जण टेबलाभोवती बसलो आणि सेंट गोबनेट हर्लिंग क्लब, ब्यूट, मोंटाना, असं नाव ठरलं. नावावरून तासभर वाजलं. ज्याला त्याला आपापल्या गावचा संत हवा. शेवटी कॉर्क परगण्याकडची माणसं जास्त निघाली म्हणून आमची गोबनेट जिंकली. ती मधमाश्यांची राखणदार, म्हणून सदरे पिवळे आणि त्यावर काळा पट्टा. कप्तान थेडी क्राउली. सचिव मी, बार्थोलोम्यू लाउनी, सगळ्यांचा बॅट.

मिनिट बुक मी आधीच आणून ठेवलं होतं, कापडी बांधणीचं. पहिल्याच सभेत दोन नियम सांगून टाकले. एकदा वाचून मंजूर झालेलं इतिवृत्त खोडायचं नाही. आणि कोणाच्या आभाराचा ठराव आला तर तो एकमताने, एकाचाही विरोध असेल तर बारगळला. मॉरिस ट्रेहे, आमचा टिपेररीचा सुतार, म्हणाला, "बॅट, आपण क्लब काढतोय की पार्लमेंट?" सगळे हसले. हसोत. समुद्रापार घरी आमच्या पंचक्रोशीतले तीन क्लब नियम नव्हते म्हणूनच फुटले.

ही वही निराळी. मिनिट बुक सभेत मोठ्याने वाचायचं असतं, मनातलं सगळं काही त्यात लिहिता येत नाही. उदाहरणार्थ हे, की माझा धाकटा भाऊ फ्लरी खेळतो तसा खाणींच्या या अख्ख्या टेकडीवर कोणी खेळत नाही. मार्चमध्ये आला. चेंडू काठीच्या पात्यावर तोलत साठ यार्ड पळतो आणि मध्येच मागे वळून बघून हसतो. माझं मनगट लहानपणी मोडलं ते वाकडंच बसलं. तेव्हापासून मी खेळत नाही, फ्लरी खेळतो.

काठ्या, म्हणजे हर्ली, घरून आल्या, चोवीस. ॲशच्या झाडाच्या बुंध्यातून, पार मुळाजवळून कापलेल्या, म्हणजे लाकडाच्या रेषा काठीच्या वळणाबरोबर वळतात. इथे ॲश सोडाच, तांब्याच्या भट्ट्यांच्या धुराने गवताचं पातं उगवत नाही. काठ्या जपायला हव्यात.

२ मे १९०७

सरावाला नऊ माणसं. खाणीच्या तीन पाळ्या, त्यात माझा संघ विखुरलेला. एक खाली उतरतो तेव्हा दुसरा वर येतो. मी फाटकावर बसून नंबराचे पितळी बिल्ले वाटतो, त्यामुळे कोण कधी खाली आणि कधी वर हे मला तोंडपाठ आहे. संघाला लागणारी सतरा माणसं एका वेळी जमिनीवर असतील असा आठवड्यात एकही तास नाही. अशाने क्लब चालायचा नाही.

९ मे १९०७, गुरुवार

जमलं! मुकादम ट्रेवेनाला गाठलं. तो कॉर्नवॉलचा, आमच्या खेळातलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण पैज लावायची भारी हौस. म्हणाला, "खाली अठराशे फुटांवर ड्रिलच्या यंत्रावर माणसं हवीत. दिवसपाळी, रविवार मोकळा. तिथे कोणी टिकत नाही, म्हणून जागा आहेत." का टिकत नाही विचारलं तर म्हणाला, "कोरडी जागा आहे. धूळ उडते. फिनलंडची माणसं तीन महिन्यांत पळून जातात." मी म्हटलं, आमची माणसं पळणारी नाहीत, आणि पळालीच तर मैदानावर पळतील. तो खूप हसला.

माझ्या सुवाच्य अक्षरात अकरा नावं लिहून दिली. वर फ्लरी.

फ्लरीने जरा नाक मुरडलं. तो दुपारपाळीला हजार फुटांवर गाड्या भरतो, तिथे छतातून सारखं पाणी ठिबकतं आणि तो भिजून वर येतो. म्हणाला, "बॅट, मला ते यंत्र नको. शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही म्हणतात." मी म्हटलं, "ऐकायचंय काय तुला? चार वाजता वर, साडेचारला मैदानात, आणि अंग कोरडं." तो म्हणाला, "बरं. तू म्हणतोस तर." लहानपणापासून त्याचं हे एकच उत्तर, आणि मला ते फार आवडतं.

संध्याकाळी सभेत थेडीने माझ्या आभाराचा ठराव मांडला. एकमताने मंजूर. मिनिट बुकात माझ्याच हाताने लिहावा लागला, लाज वाटली. ज्या सहा जणांची सोय झाली नाही ते रुसलेत. त्यांनाही पुढे कधी बघू.

१८ ऑगस्ट १९०७, रविवार

ॲनाकोंडा गावच्या संघाला हरवलं!  शेवटची पाच मिनिटं, बरोबरी. फ्लरीने आपल्या गोलाजवळ चेंडू उचलला आणि पूर्ण मैदान पळाला. चार जण आडवे आले, चौघांना चुकवलं. त्यांचा एक दांडगा बचाववाला ओरडत होता, "धरा त्या पिठवाल्याला!" आमच्या ड्रिलवाल्यांच्या कानांत, भुवयांत ती पांढरी धूळ आंघोळ करूनही राहते, म्हणून आम्हाला पिठवाले म्हणतात. म्हणू देत. पिठवाल्याने गोल केला.

हनाफिन बाईंनी डुकराचं मांस आणि कोबी शिजवला होता. त्यांनी फ्लरीचा टॉवेल उचलून झटकला आणि म्हणाल्या, "माझा नवरा असाच गिरणीतून आल्यासारखा यायचा." बाईंना कशातही नवरा आठवतो. आनंदाच्या दिवशी तरी नको होता.

२२ मार्च १९०८

सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीत आमचा क्लब चौथ्या नंबरवर चालला. पिवळे सदरे बर्फात काय उठून दिसत होते! फादर म्हणाले, "बॅट, तू या माणसांना रविवार दिलास." हे वाक्य मिनिट बुकात घालायचं होतं, पण आत्मस्तुती दिसेल म्हणून इथे लिहितो.

२० जून १९०९, रविवार

वर्षभर लिहिलं नाही. सगळं सुरळीत चाललं की लिहायला सुचत नाही. आता सुरळीत नाही.

संघाला धाप लागते. पहिला अर्धा भाग आम्ही वाघ, दुसऱ्यात कमरेवर हात. मी बराच विचार केला आणि कारण सापडलं. हे गाव समुद्रापासून मैलभर उंच आहे, हवा विरळ. आम्ही सगळे समुद्रकाठचे. छातीला सवय करायला हवी. उद्यापासून पाळीच्या आधी, पहाटे, खाणीच्या मुरमाच्या टेकाडावर तीनदा चढउतार. सक्तीची.

मॉरिसने विचारलं, "हवा विरळ आहे तर मग मी का नाही धापा टाकत? मी तर पन्नाशीचा." मी म्हटलं, तू कधी धावलास? तो एक फुटलेली काठी पत्र्याची पट्टी ठोकून सांधत बसला.

४ जुलै १९०९

फ्लरी टेकाडावर दुसऱ्या फेरीत बसला. मी वर उभा, तो खाली दगडावर. मी ओरडलो, तो उठला, चढला. वर आल्यावर बोलता येत नव्हतं त्याला, नुसता हात हलवला. ओठ निळसर. थंडी होती.

मग म्हणाला, "बॅट, मला पुढून काढून मध्यावर घे." मी म्हटलं, तुला वेड लागलंय का, लोक तुझ्यासाठी येतात. तो म्हणाला, "मध्यावरून सगळं मैदान दिसतं." मला हे कारण पटलं नाही, पण घेतलं मध्यावर.

१२ सप्टेंबर १९०९, रविवार

हरलो. आणि मी फार वाईट बोललो.

फ्लरी मध्यावरही खेळला नाही, उभा होता. काठी जमिनीला टेकून, तिच्यावर भार देऊन. चेंडू दहा हातांवरून गेला, हा बघत राहिला. खेळ संपल्यावर सगळ्यांसमोर मी म्हणालो, "ही हर्ली आहे की कुबडी? दारू कमी पी म्हणजे पाय चालतील."  थेडी खोकत होता. फ्लरी हसला आणि म्हणाला, "सचिवसाहेब, मिनिट बुकात लिहा." मग सगळे हसले. मी सोडून.

घरी येऊन हनाफिन बाईंना सांगितलं, याला दारू देऊ नका. बाई म्हणाल्या, "बॅट लाउनी, तुमचा भाऊ ख्रिसमसपासून दारू प्यायलेला नाही. तुम्ही त्याच्या शेजारी जेवता ना?"

मग आळस म्हणायचा. दुसरं काय?

९ फेब्रुवारी १९१०

थेडी क्राउली गेला. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. चौतीस वर्षांचा. शेवटी उशा लावून बसवलेला, आडवं होता येत नव्हतं.

काठी शवपेटीत ठेवायची की नाही यावर सभा झाली. घरी आमच्याकडे खेळाडूची काठी त्याच्याबरोबर जाते. पण घरी काठ्यांना तोटा नाही. इथे चोवीसच्या अकरा उरल्यात, आणि इथल्या लाकडाच्या करून पाहिल्या तर चेंडू लागताच हात झिणझिणतो आणि तिसऱ्या टोल्याला काठीचे दोन तुकडे. सचिव म्हणून मी म्हणालो, काठी ठेवून घ्यावी. मॉरिस उठून म्हणाला, "माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं? तू ये पेटीजवळ आणि तूच घे काढून."  काठी त्याच्याबरोबर गेली.

१६ मे १९१०

हनाफिन बाईंनी मला न विचारता फ्लरीची खोली बदलली. वरच्या मजल्यावर आम्ही दोघं भाऊ एकत्र होतो, तीन वर्षं. आता तो खाली, स्वयंपाकघरामागे, जिथे पूर्वी कोळसा ठेवत. मी चिडलो. वरच्या जागेत जास्त भाड्याचा माणूस आणायचा असेल, म्हटलं. बाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "तो जिना कसा चढतो पाहिलंत? चार पायऱ्या, मग कठडा धरून थांबतो आणि भिंतीवरचं चित्र बघतो. त्या चित्रात बघण्यासारखं काही नाही. एक गाय आहे."

रात्री त्याचं खोकणं ऐकू येत नाही आता, त्यामुळे झोप चांगली लागते. हे लिहिल्यावर बरं वाटलं नाही.

४ सप्टेंबर १९१०, रविवार

किती दिवसांनी सुखाने लिहितोय! फ्लरी आज गोलात उभा होता. मागच्या महिन्यात त्याने मध्यावरून मागे घे म्हटलं, घेतला. आता म्हणाला, आणखी मागे. आणखी मागे गोलच. मी वैतागून दिला गोल. आणि काय सांगू, त्याने एक चेंडू आत जाऊ दिला नाही. हलला नाही फारसा. हात मात्र तेच, साप पकडावा तसे चेंडू पकडत होते. ॲनाकोंडावाले शेवटी टाळ्या वाजवायला लागले. माझं म्हणणं खरं ठरलं, त्याच्यात खेळ होता, फक्त जागा चुकली होती. त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "हो. तीन वर्षं चुकीच्या जागी होतो." आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

परत येताना चढावर मॉरिसने त्याला लाकडं आणायच्या हातगाडीवर बसवलं. फ्लरी गाडीत काठी उंच धरून राजासारखा बसला, सगळे ओरडत होते, "पिठाचा राजा!" मी पण ओरडलो.

८ जानेवारी १९११

हे नीट लिहायचं आहे. सावकाश.

वसंतातल्या सामन्यांसाठी संघाची यादी करायला बसलो. सतरा होईनात. म्हटलं जुनी नावं बघू, कोणी सुटलं असेल. मिनिट बुक उघडलं. ९ मे १९०७. "सचिव बार्थोलोम्यू लाउनी यांनी अकरा खेळाडूंची दिवसपाळीत सोय करून दिल्याबद्दल ही सभा त्यांचे मनःपूर्वक आभार मानते. एकमताने मंजूर." खाली अकरा नावं, माझ्या सुवाच्य अक्षरात.

मी पेन्सिलीने खुणा करत गेलो. थेडी, गेला. त्याच्याखालचा, गेला. एकूण पाच गेले. दोघं समुद्राकडे निघून गेले, त्यांची पत्रं येत नाहीत. तिघं आहेत, पण माझ्या फाटकाशी येईपर्यंत दोनदा थांबतात. आणि वर फ्लरी.

मग ते सहा जण, ज्यांची सोय झाली नव्हती, जे माझ्यावर रुसले होते. ठिबकत्या पाण्यात भिजत गाड्या भरणारे, जिथे धूळ उडत नाही. सहाही मागच्या रविवारी बर्फात पळत होते. ठणठणीत कोण, तर ते, मॉरिस आणि मी. हवा तर सगळ्यांना सारखीच विरळ.

फाटकावर बसून मीच बिल्ले देत होतो. रोज सकाळी. थेडीचा नंबर ४१२.

१५ जानेवारी १९११, रविवार

सभेत उठलो आणि म्हणालो, १९०७ सालचा एक ठराव खोडायचा आहे. वाचून दाखवला. कोणाला काही कळेना. मी म्हणालो, तो ठराव मला नको. मॉरिस माझ्याकडे बघत होता. त्याला कधीच कळलं होतं, हे मला तेव्हा दिसलं. तो अगदी हळू म्हणाला, "मंजूर झालेलं खोडता येत नाही, बॅट. तुझाच नियम."

२९ जानेवारी १९११

आज फ्लरीला सांगितलं. दुपारी, त्याच्या कोळशाच्या खोलीत. आता तो कामावर जात नाही. तीन उशा. काठी पलंगाच्या कडेला टेकवलेली. मी खाली मान घालून सगळं सांगितलं, ट्रेवेना, यादी, वरचं नाव.

तो म्हणाला, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्याच हिवाळ्यापासून. थेडीला पण. आम्ही बोलायचो खाली, यंत्र बंद झालं की."

"मग मला का नाही सांगितलंस? मी तुला टेकाडावर पळवलं, फ्लरी! दारुडा म्हटलं सगळ्यांसमोर!"

थोडा वेळ तो नुसता श्वास घेत राहिला. मग म्हणाला, "तू फाटकावर बसायचास. आम्ही वर आलो की तुझा चेहरा बघायचो. एवढा खूश माणूस टेकडीवर दुसरा नव्हता. कोण सांगणार तुला?" परत थांबला. "आणि रागही आला होता. नाही असं नाही. टेकाडावर तर वाटलं, एक दगड घालावा तुझ्या डोक्यात."

मी रडायला लागलो. तो म्हणाला, "आता रडू नकोस. तू रडलास की मला समजूत घालावी लागते आणि माझ्याकडे तेवढा दम नाही."

मग त्याने काठीकडे बोट दाखवलं. "ती पुरू नका. चांगलं लाकूड आहे."

३ मार्च १९११

फ्लरी गेला. सकाळी नऊ वाजता. हनाफिन बाईंनी त्याला बसतं धरलं होतं, मागून, हातांनी वेढून, कारण उशांनी भागत नव्हतं. मी पाय धरले होते. अठ्ठावीस वर्षांचा माझा भाऊ, पायांना वजन नव्हतं.

बाईंनी रीतीप्रमाणे खिडकी उघडली, घड्याळ थांबवलं. मग मला म्हणाल्या, "माझा नवरा गेला तेव्हा मी एकटीच होते. त्याला मागून धरायचं असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं."

पिवळा सदरा घातला. काठी ठेवली नाही. पेटी बंद करताना मॉरिसने माझ्याकडे पाहिलं, मी नाही अशी मान हलवली, त्याने झाकण लावलं.

आईला पत्र लिहायचं आहे. चार वेळा सुरुवात केली.

२ एप्रिल १९११, रविवार

फाटकावर आता मी ड्रिलवाल्यांकडे बघत नाही. बिल्ला पुढे करतो. बोटांवरून ओळखू येतात, नखांत पांढरं असतं.

२५ एप्रिल १९११

आमच्याच गावचा एक जण आला, कोलमन शे. चोवीस वर्षांचा, बोटीचा वास अजून अंगाला. आईचं पत्र त्याच्यापाशी. पत्रात आहे, "कोलमनकडे लक्ष दे, फ्लरीकडे दिलंस तसं." फ्लरीच्या बातमीचं माझं पत्र पोहोचण्याआधी आईने हे लिहिलं होतं. मी ते घडी करून या वहीत ठेवलं.

त्याला मैदानावर नेलं. फ्लरीची काठी दिली. त्याने ती दोनदा हातात फिरवली, चेंडू पात्यावर उचलला आणि पळाला, आणि मध्येच मागे वळून बघून हसला. मला तिथे उभं राहवेना.

नवे-जुने धरून आज संघात सोळा माणसं आहेत. कोलमन सतरावा. ॲनाकोंडाशी सामना येता रविवार सोडून पुढच्या रविवारी. सतरा झाले नाहीत तर यंदाच्या स्पर्धेतून बाहेर, आणि यंदा बाहेर म्हणजे क्लब संपला, हे सगळ्यांना माहीत आहे.

२८ एप्रिल १९११

ट्रेवेना स्वतः फाटकाशी आला. "तुमच्या नव्या माणसाचं ऐकलं. अठराशेवर जागा आहे. दिवसपाळी. नाव लिहून दे." अगदी प्रेमाने. मी विचारलं, दुसरीकडे कुठे? पाण्याच्या बाजूला? तो म्हणाला, "तिथे भरलंय सगळं. अरे, चार वर्षांपूर्वी तूच तर मागे लागला होतास." त्याने कागदही आणला होता.

कोलमन माझ्या मागेच उभा होता. म्हणाला, "बॅटकाका, तुम्ही म्हणाल तसं."

३० एप्रिल १९११, रविवार

सकाळच्या गाडीने कोलमनला पाठवलं. दक्षिणेला मेंढपाळ लागतात, फादरांच्या ओळखीचा माणूस आहे. हनाफिन बाईंनी डब्यात मांस भरलेल्या करंज्या दिल्या. कोलमन नाराज होता. "मी खेळायला आलो होतो. तिथे कोणाबरोबर खेळू?"

"मेंढ्यांबरोबर. त्या नियम मोडत नाहीत."

"आणि तुमचा सामना?"

मी म्हटलं सामन्याचं तू बघू नकोस. फ्लरीची काठी त्याच्या हातात दिली. त्याला ती घ्यावीशी वाटत नव्हती, क्लबची म्हणून. मी म्हणालो, क्लबची नाही, माझ्या भावाची. गाडी हलली तेव्हा तो खिडकीतून ओरडला, "तिथे मैदान आहे का?" मला माहीत नाही. गवत आहे, एवढं ऐकलंय. तसं ओरडून सांगितलं. ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

दुपारी सभा. मी सगळं सांगून टाकलं. सतरावा माणूस मी पाठवला. यापुढे माझ्या हातून कुठलंही नाव ट्रेवेनाकडे जाणार नाही. आरडाओरडा झाला. त्या सहांपैकी एक म्हणाला, "तुझ्या भावासाठी चार वर्षं क्लब चालवलास, आणि तो गेल्यावर मोडायला निघालास!" दुसरा म्हणाला, "कोणीतरी जाणारच त्या जागेवर. कोलमन नाही तर दुसरा." ते खरं आहे. ट्रेवेनाला उद्या दुसरा मिळेल. 

मला सचिवपदावरून काढायचा ठराव आला. मीच लिहून घेतला, शब्द नीट बसत नव्हते ते बसवून दिले. हात वर झाले. मीही केला.

मग लगेच निवडलेला नवा सचिव, भला माणूस, खाली मान घालून म्हणाला की रीतीप्रमाणे मावळत्या सचिवांनी चार वर्षं केलेल्या कामाबद्दल आभाराचा ठराव मांडतो.  नको म्हणायला उठतो तोवर त्याने मतं मागितली. एकामागून एक हात वर होऊ लागले. रागावलेले होते ते सुद्धा करत होते, रीत म्हणून.

मॉरिस ट्रेहे भिंतीशी बसला होता, मांडीवर फुटकी काठी. म्हणाला, "माझा विरोध आहे."

सगळे त्याच्यावर तुटून पडले. म्हातारा खडूस, मेलेल्या भावाची तरी लाज धर. तो उठला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. "विरोध आहे म्हटलं ना. लिहा."

ठराव एकमताने नाही, म्हणून बारगळला. मिनिट बुकात तसं लिहिलं, हात स्थिर होता. ते माझं शेवटचं लिहिणं, खाली सही केली, तारीख घातली, आणि बुक नव्या सचिवाच्या हवाली केलं.

मॉरिसचा तंबाखू संपलाय. उद्या फाटकावर जायच्या आधी नेऊन द्यायचा.